तीन वाटे आणि एक डबा

रंगाऱ्याच्या घरी जन्मलेल्या माणसाची नखं कधी पांढरी होत नाहीत, असं म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातली जुनी माणसं म्हणत. वेंकटेशची तर सत्तरीतही झाली नव्हती. अंगठ्याच्या नखाखाली निळा, तर्जनीच्या पेरावर मंजिष्ठेसारखा लालसर, आणि करंगळीच्या कडेला कुठल्या तरी जुन्या ओढणीचा हिरवा. अंत्यविधीला गेला तरी ते रंग त्याच्याबरोबर जात, आणि लग्नाला गेला तरी जात.

त्याचे पूर्वज मराठी मुलखातून कधी आले ते त्याला ठाऊक नव्हतं. पागोटी रंगवायला आले आणि राहिले, एवढंच आज्याच्या तोंडून कानावर पडलेलं. घरात बोलणं मराठीच, पण त्यात कानडी असं मुरलेलं की कुठला शब्द कुठल्या घरचा ते आता बोलणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. वडिलांच्या वेळी परसात सात हंडे चुलीवर असत. मग गिरणीचं तयार कापड आलं, न विटणारा धागा आला, आणि एकेक हंडा पालथा पडत गेला. वेंकटेशच्या वाट्याला एकच हंडा उरला. कुणाची विटलेली साडी, कुणाच्या ओढणीला परकराशी जुळणारा रंग, कुणाच्या दर्ग्यावर चढवायची चादर. एवढ्यावर त्यानं आयुष्य काढलं, मुलगी सुमाला शिकवलं, बेंगळूरला दिलं, आणि कुणापुढे हात पसरला नाही.

त्याला एका गोष्टीचा अभिमान होता. दोन हिरवे धागे दहा पावलांवर धरले तरी त्यांतला कुठला कालचा आणि कुठला आजचा, हे तो सांगे. तसा तो बोलायला मंद. नमुन्याची चिंधी उन्हात धरून उभा राही, आणि गिऱ्हाईक कंटाळून तीनदा "अण्णा, झालं का?" म्हणेपर्यंत मान हलवत नसे. पण एकदा मान हलली की तो रंग चुकला असं कधी झालं नाही.

अशा नजरेच्या माणसाला एका काळ्या पिशवीनं तीन दिवस घोळात टाकलं, त्याची ही हकिकत.

बकरीदची सकाळ होती. नमाजाहून परतणाऱ्यांचे पांढरे कपडे, अत्तराचा वास, आणि गल्लीच्या तोंडाशी इनायत पाशाच्या घरासमोर ही गर्दी. इनायत पाशाचा मेटगळ्ळीला लेथचा कारखाना, म्हणजे दोन यंत्रं आणि एक पत्र्याची शेड. पण माणूस दिलदार. दरवर्षी बन्नूरहून मेंढा आणायचा. आखूड पायांचा, गोल अंगाचा बन्नूरचा मेंढा आठवडाभर त्याच्या दारातल्या कडुनिंबाखाली बांधलेला असे आणि येणारा-जाणारा त्याच्या पाठीवर हात फिरवून जाई. वेंकटेशनंही यंदा फिरवला होता.

दुपारी बाराच्या सुमाराला दारात एक मुलगी उभी राहिली. वीस-बावीसची, डोक्यावरून ओढणी. वेंकटेशनं तिला ओळखलं नाही. तिनं उंबऱ्याच्या आत एक काळी प्लास्टिकची पिशवी ठेवली, "ईद का है, ताता," असं आजोबांना म्हणावं तसं म्हणाली, आणि तो उठून चष्मा शोधेपर्यंत निघूनही गेली.

पिशवीत मटण होतं. थोडी हाडं, थोडी चरबी, थोडं चांगलं मांस, सगळं एकत्र.

मटण यायचंच होतं. चाळीस वर्षं येत होतं. इनायतची आई होती तेव्हा ती स्वतः आणायची, मग इनायतची बायको मुबीन ताज आणू लागली. एक स्टीलचा मोठा डबा, झाकणावर पितळी फूल जडवलेला, वरून जाळीचा रुमाल. वेंकटेशची बायको अन्नपूर्णा तो डबा दोन्ही हातांनी घ्यायची. ती येलवालची, शेजाऱ्याचं भांडं रिकामं धाडू नये हे तिला आईनं पहिल्या न्हाणाआधी शिकवलेलं. डबा घासूनपुसून परत जाई तो कधी चिरोटे घेऊन, कधी दिवाळीच्या चकल्या घेऊन, आणि घरात काहीच नसलं तर गुळाचा खडा तरी घेऊन. मग तोच डबा रमजानच्या ईदला शेवया घेऊन यायचा. गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला त्या डब्यानं जेवढ्या फेऱ्या घातल्या, तेवढ्या पोस्टमननं घातल्या नसतील.

गेल्या बकरीदनंतर महिन्याभरात अन्नपूर्णा गेली. ताप काय आला आणि ती काय गेली. दिवाळीला दुखवट्याच्या घरात चकली कुठली? पुढे दोन-तीन महिने सुमानं त्याला बेंगळूरला नेऊन ठेवलं. तिथंच रमजानची ईद गेली. तो परत येऊन महिना झाला होता, आणि आज ही पिशवी.

त्यानं ती तशीच फ्रिजमध्ये ठेवली आणि चिदंबरच्या दुकानात कॉफी प्यायला गेला.

चिदंबर त्याच्याच जातभाईंपैकी. त्याचे वाडवडील कापडावर छापे मारत, हा आता गल्लीच्या कोपऱ्यावर कॉफी विकतो आणि सगळ्या जगाची माहिती फुकट वाटतो. वेंकटेश बाकावर टेकताच त्यानं विचारलं, ईदचा वाटा आला का. वेंकटेश म्हणाला, आला.

"कुठला आला?"

"कुठला म्हणजे? मटणाचा."

चिदंबरनं दूध ओतायचं थांबवलं. "चाळीस वर्षं खाल्लंस रंगारी, आणि माहीत नाही? तीन वाटे करतात ते. एक घरचा, एक सोयऱ्या-शेजाऱ्यांचा, एक गोरगरिबांचा. तुझ्याकडे कुठला आला?"

वेंकटेशला खरंच माहीत नव्हतं. डबा अन्नपूर्णाच्या हाती यायचा, ताट त्याच्यापुढे. मधलं सगळं तिच्या खात्यातलं. तरी तो ठामपणे म्हणाला, शेजाऱ्यांचा. आणखी कुठला असणार?

"डब्यातनं आला?"

"पिशवीतनं."

"काळ्या?"

वेंकटेश अंगठ्याच्या नखाखालचा निळा खरवडू लागला.

"सकाळी फाटकापाशी रांग होती बघ," चिदंबर फडक्यानं बरणी पुसत म्हणाला. "रिक्षावाले, भांडी घासणाऱ्या बाया. त्यांना काळ्याच पिशव्या देत होते. मी आपलं बघितलं ते सांगितलं. बिडी, सोड ते. कॉफी पी."

कॉफी निवली. वेंकटेशनं ती तशीच ठेवली आणि उठला.

घरी येऊन त्यानं फ्रिज उघडला, पिशवीकडे बघितलं, बंद केला. पुन्हा उघडला. मुद्दा मटणाचा नव्हता. मुद्दा एवढाच होता की पाशाच्या घरात आता त्याला कोण समजतात. अन्नपूर्णा असताना तो शेजारी होता, चाळीस वर्षांचा. ती गेल्यावर, एकटा म्हातारा, हंडा थंड, भिंतीचा चुना पडलेला, तो आपसूक रांगेत जाऊन उभा राहिला की काय? न जाता? रांगेतली माणसं वाईट नव्हेत, हे त्याला कळत होतं. पण आपण कुठं उभे आहोत हे आपल्याआधी दुसऱ्यांना कळावं, हे त्याला सोसवत नव्हतं.

त्यानं पिशवी उन्हात नेऊन, नमुन्याची चिंधी धरावी तशी धरून बघितली. चांगलं मांस होतं, म्हणजे शेजाऱ्याचा वाटा. हाडं होती, म्हणजे रांगेतला. मग पुन्हा चांगलं मांस. हा रंग त्याला ओळखता येईना.

संध्याकाळी सुमाचा फोन आला. तिला सगळं सांगितल्यावर तिनं विचारलं की मटण खराब तर झालं नाही ना. नाही म्हटल्यावर म्हणाली, "अप्पा, सुम्ने उगाच डोकं नको खाऊस. शिजव नाहीतर कुणाला दे." तिची मराठी थोडकी आणि सल्लाही थोडका. शिजवणार कोण, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. भात आणि सार याच्यापुढे त्याचा हात गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी इनायत पाशा गल्लीत भेटला. स्कूटर थांबवून त्यानं वेंकटेशला मिठी मारली, बेंगळूर मानवलं का अण्णा, तब्येत कशी, सुमा कशी, एका दमात विचारलं. वेंकटेशला वाटा विचारायचा होता. जिभेवर आला तो दुसराच प्रश्न. तो म्हणाला, इनायत, हा सण कशाचा असतो? इतकी वर्षं जेवलो, कधी विचारलं नाही.

इनायत हसला नाही. स्कूटर स्टँडवर लावून, भिंतीच्या सावलीला उभं राहून त्यानं कथा सांगितली. इब्राहीम पैगंबर म्हातारे झाले होते. म्हातारपणी नवसासायासानं झालेला मुलगा. स्वप्नात हुकूम आला की तुला जे सगळ्यांत प्यारं आहे ते मला दे. त्यांनी मुलाला विचारलं, आणि मुलगा म्हणाला, जे सांगितलंय ते करा. सुरी चालवली, तेव्हा अल्लानं मुलाला वाचवलं आणि त्याच्या जागी मेंढा आला. म्हणून हा मेंढा. "आणि अण्णा," इनायत म्हणाला, "त्याचं मांस वर पोचत नाही आणि रक्तही पोचत नाही. कुराणात साफ आहे. मनात जे असतं तेवढंच पोचतं."

एवढं सांगून त्यानं स्कूटरला लाथ मारली. कारखान्यात यंत्र बिघडलं होतं, सणातही त्याला जाणं भाग होतं. वाट्याचं विचारायचं राहूनच गेलं.

कथेनं मात्र वेंकटेशचा घोळ वाढवला. तो परसात पालथ्या हंड्यावर बसून विचार करू लागला. घरी परतताना त्या बापलेकांत काय बोलणं झालं असेल? का बोललेच नसतील? आणि मांस जर वर पोचत नाही, तर ते खालीच कुणाकडे तरी पोचलं पाहिजे. इथवर बरोबर. पण मनातलं पोचतं म्हणतात, ते देणाऱ्याच्या मनातलं. घेणाऱ्याच्या मनात काळंबेरं आलं तर ते कुठं जातं? त्याच्याकडे सगळ्यांत प्यारं होतं ते गेल्या वर्षी कुणी न विचारताच नेलं होतं. मेंढा काही आला नव्हता. की ही पिशवीच तो मेंढा म्हणायची? छे. त्यानं मान हलवली. विचार रंगासारखा असतो, फार ढवळला की तळचा गाळ वर येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ठरवलं. अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, फ्रिजमधून पिशवी काढली आणि पाशाच्या घरी निघाला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत दोनदा घोकलं. वाटा शेजाऱ्याचा असेल तर माझी क्षमा करा. गरिबाचा असेल तर हा घ्या परत, आणि ज्याला हवा त्याला द्या.

मुबीन ताज ओसरीवर लसूण सोलत बसली होती. त्याला बघून ती पटकन उठली, पदर सावरला, खुर्ची पुढे ओढली. अन्नपूर्णाचं नाव निघालं तसे तिचे डोळे भरले. ती म्हणाली की भाभी गेली आणि या गल्लीत माझं बोलणं संपलं. वेंकटेशनं घोकलेलं सगळं तिथंच अर्धं सांडलं. उरलेलं त्यानं कसंबसं काढलं. पिशवी मांडीवर धरून त्यानं विचारलं,

"मुबीन, हा कुठला वाटा?"

तिला कळलं नाही. त्यानं चिदंबरचं नाव न घेता तीन वाटे, रांग, काळ्या पिशव्या, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचे लसणीचे हात थांबले. मग तिनं आत हाक मारली, "सफूरा!"

आली ती तीच मुलगी. ही आमची सून, मुबीन म्हणाली, बन्नूरची. तुम्ही बेंगळूरला होता तेव्हा लग्न झालं. त्या दिवशी सगळ्या पिशव्या हिनंच भरल्या, माझे गुडघे धरले होते. आणि सुनेला विचारलं की रंगारी अण्णांकडे दिलंस ते कुठल्या ढिगातलं?

सफूरानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. तिची नजर एकदा सासूकडे गेली, एकदा पिशवीकडे. "अम्मी, तुम्ही म्हणालात त्यांच्याकडे द्यायचं. कुठल्यातनं ते सांगितलं नाही." मग हळूच, "घरचे म्हणावं तर आडनाव वेगळं. शेजारी म्हणावं तर घर त्या टोकाला. गरीब म्हणावं तर... मला काय माहीत. चुकू नये म्हणून तिन्हीतून थोडं थोडं घेतलं."

मुबीननं कपाळाला हात लावला. बन्नूरला लोक असेच वाटे करतात का गं, असं तिनं विचारलं, आणि विचारता विचारता तिलाच हसू फुटलं. सफूरा मात्र गंभीर होती. एवढा विचार करून केलेल्या कामाला कुणी हसावं, हे तिला पटलं नसावं.

वेंकटेशला हसावं की रुसावं ते उमगेना. म्हणजे एक तृतीयांश तो घरचा होता, एक तृतीयांश शेजारी, आणि एक तृतीयांश रांगेतला. अपमान झाला होता तर तो एवढाच झाला होता, आणि मान मिळाला होता तर तोही मोजून असाच. असा मिश्र रंग त्याच्या हंड्यात कधी उतरला नव्हता. त्यानं विचारलं, मग पिशवी का? डबा का नाही?

लसूण बाजूला सारून मुबीन म्हणाली,

"अण्णा, डबा तुमच्याकडेच आहे की. गेल्या बकरीदला आला तो परत आलाच नाही. भाभी गेल्या, अशा घरात जाऊन डबा कसा मागायचा? मी म्हटलं, येईल तेव्हा येईल. आणि दुसऱ्या भांड्यातनं तुमच्याकडे पाठवणं माझ्या जिवावर आलं. म्हणून म्हटलं, जे सगळ्यांचं तेच त्यांचं, पिशवीत घाल."

वेंकटेश उठला. पिशवी मुबीननं त्याच्या हातातून काढून घेतली, हे काही तुम्ही शिजवणार नाही, उद्या दुपारी इथं जेवायला या, असंही म्हणाली. तो हो म्हणाला की नाही, हे त्याला स्वतःलाही ऐकू आलं नाही.

घरी येऊन त्यानं स्वयंपाकघर पालथं घातलं. अन्नपूर्णानं फळीवर उतरत्या क्रमानं लावलेले डबे एकेक करून खाली घेतले. डाळीचा, रव्याचा, लाल तिखटाचा. पितळी फुलाचा त्यात नव्हता. माळ्यावर नव्हता. देवघराखाली नव्हता. शेवटी दमून तो परसात आला, पाण्याच्या नळाशी बसला, आणि समोर रंगाच्या फडताळावर त्याची नजर गेली.

डबा तिथं होता. झाकणावरचं फूल हिरव्या पुडीनं बुजलेलं.

त्याला आठवलं. आठवलं म्हणजे दिसलं. तेराव्यानंतरचा कुठला तरी दिवस, घरात माणूस नाही, काय करावं म्हणून तो परसात आला होता. हिरव्या रंगाची पुडी फुटली होती आणि भरायला भांडं हवं होतं. पालथा घातलेला, घासून ठेवलेला एक डबा हाताशी आला. अन्नपूर्णानं तो घासून ठेवला होता. आजारी पडायच्या आधी. परत धाडायला, त्यात काहीतरी घालून. आणि दोन हिरव्यांतला फरक दहा पावलांवरून सांगणाऱ्या माणसाला, डबा कुणाचा ते हातात घेऊनही दिसलं नव्हतं. तेव्हापासून अधूनमधून तो त्यातून चमच्यानं रंग काढत होता, आणि तीन दिवस मनात पाशाच्या घराला बोल लावत होता.

त्यानं डबा घासला. राखेनं, चिंचेनं, तुरटीनं. कडेच्या खाचेतला हिरवा काही जाईना. आणि गेला असता तरी रंगाचा डबा जेवणाकडे परत जात नाही, हे रंगाऱ्याच्या घरचं लहान मूलही जाणतं. तो डबा आता त्याचाच झाला होता. घ्यायचा नव्हता, पण झाला होता.

चौथ्या दिवशी दुपारी तो पाशाच्या घरी जेवायला गेला, तेव्हा त्याच्या हातात दुसरा डबा होता. अन्नपूर्णाचा, लग्नात येलवालहून आलेला, बुडाशी कानडीत तिचं नाव कोरलेला. घरात दुसरं काही नव्हतं म्हणून त्यानं त्यात गुळाची ढेप घातली होती. मुबीनला त्यानं हिरव्या रंगाची सगळी गोष्ट सांगितली, काही न लपवता. ती आधी हसली, मग डब्याच्या बुडावरच्या नावावरून बोट फिरवत राहिली. इनायत म्हणाला, ठीक आहे अण्णा, पुढच्या ईदला याच्यातनं येईल.

सफूरानं डबा आत नेला आणि झाकण काढलं. गुळाचा वास ओळखीचा वाटला असावा, कारण ती तशीच बाहेर आली.

"ताता, हा बन्नूरचा गूळ?"

"हो."

तिनं ढेपेकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "याचेपण तीन करायचे?"

वेंकटेशनं नेहमीच्या सवयीनं वेळ घेतला. सगळे ताटावर थांबले होते, वाफ निघत होती, आणि तो गुळाकडे बघत उभा होता, नमुन्याची चिंधी उन्हात धरलेली असावी तसा.

"गोत्तिल्ला, बाळ," तो शेवटी म्हणाला. "मला माहीत नाही."

आणि जेवायला बसला.